एका क्लॅरिओनेटची कुळकथा

प्रत्येक घराण्यात एखादी म्हण अशी असते की, त्या घराच्या उंबऱ्याबाहेर तिचा अर्थ कोणासही लागावयाचा नाही. आमच्या घरातील अशी म्हण म्हणजे 'पेटी उतरलेली होती' ही होय. मुलास गुण कमी पडले व तो प्रश्नपत्रिकेस नावे ठेवू लागला, किंवा आमटी खारट झाली व करणारीने मिठाच्या जातीवर ठपका ठेवला, की वडील मंडळी हसून म्हणावयाची, "होय तर, पेटी उतरलेली होती!" नाचता न येणारास वाकड्या अंगणाची सबब साऱ्या महाराष्ट्रात पुरत आली आहे, आमच्या घरास मात्र तेवढ्यावर भागले नाही. ही पेटी म्हणजे बाजाची पेटी, आणि ही सबब प्रथम सांगणारे गृहस्थ म्हणजे आमचे आजोबा. सत्तर-ऐंशी वर्षे आमच्या घरात ज्या निकालावर कोणी अपील केले नाही, तो निकाल पुन्हा तपासून पाहण्याचा प्रसंग अलीकडे आमच्यावर आला. त्याची ही हकीकत आहे. ती घरगुती असली तरी तिची मुळे लंडन व पॅरिस येथपर्यंत गेलेली असल्यामुळे वाचकांपुढे ठेवण्यास संकोच वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चुलत्यांचे जुने घर पाडावयाचे ठरले आणि माळ्यावरील सामानाची वाटणी झाली. भांडीकुंडी ज्यांची त्यांनी नेली. आमच्या वाट्यास कोपरे झिजलेला एक काळा चामडी डबा आला. त्यात आजोबांचे क्लॅरिओनेट होते. ते आम्हांस नवखे होते असे मात्र नाही. कॉलेजात असताना दीड वर्ष आम्ही ते वाजविले होते, व ज्या कारणाने सोडले ते पुढे येईलच. परंतु त्यानंतर पस्तीस वर्षे आम्ही त्याकडे पाहिले नव्हते. आता उघडून पाहतो तो वाद्याचे पाचही भाग जागच्या जागी; वरच्या भागास केसाएवढा एक तडा, चाव्यांखालच्या कातडी गाद्या कसरीने खाल्लेल्या, पितळी कड्या हिरव्या पडलेल्या. डब्याच्या झाकणातील कप्प्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली चार रीडे, व इंग्रजी पद्धतीच्या पंचरेषांवर शाईने उतरलेल्या सुरावटींचे तीन कागद होते. त्या सुरांखाली बारीक पेन्सिलीने कोणी सा, रे, ग, म लिहून ठेवले होते. अक्षर आजोबांचे.

आजोबा दक्षिण महाराष्ट्रातील एका संस्थानाच्या बँडात नोकरीस होते. इंग्रजी पलटणींबरोबर बँड ह्या देशात आले, आणि त्यांचे अनुकरण करण्याची हौस लहानमोठ्या सर्व दरबारांस लागली. दसऱ्याची स्वारी निघावयाची तर पुढे नगारा-शिंग हवेच. पण शेजारच्या राजाकडे बँड आहे आणि आपल्याकडे नाही, ही गोष्ट संस्थानिकांस कशी खपावी? शिकविणारे बहुधा गोव्याकडचे. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांस पंचरेषा वाचण्याचे व फिडल वाजविण्याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या मिळत आल्यामुळे पलटणी, दरबार, नाटकगृहे, पुढे मुंबईचे चित्रपट, अशा सर्व ठिकाणी गोमंतकीय वादकांवाचून पान हलत नसे. आजोबाही अशाच एका गोमंतकीय मास्तरांच्या हाताखाली तयार झाले. १९४८ च्या मार्चमध्ये दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, बँड मोडला, आणि आजोबा तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करू लागले.

क्लॅरिओनेटविषयी घरात दोन आख्यायिका होत्या. एक अभिमानाची आणि एक लाजेची. अभिमानाची अशी की, हे वाद्य आजोबांच्या कर्तबगारीवर खूश होऊन महाराजांनी खास लंडनहून मागवून दिले, व त्यावर त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे कोरविली. ह्यास पुरावा म्हणजे वाद्याच्या प्रत्येक भागावर ठसठशीत उठविलेली 'एच. पी.' ही अक्षरे. आजोबांचे नाव 'ह'ने व पणजोबांचे 'प'ने सुरू होत असल्याने शंकेस जागाच नव्हती. आडनावाचे अक्षर कोठे गेले, हा प्रश्न तीन पिढ्यांत कोणास पडला नाही. इतिहासाचे अध्यापन करून पोट भरणाऱ्या आम्हांसही पडला नाही, हे येथे कबूल करून टाकतो.

लाजेची आख्यायिका अशी. १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत केव्हातरी एक नाटकमंडळी संस्थानात मुक्कामास आली होती. तिचा सारंगिया आजारी पडला, आणि बँडातील हा तरुण हिंदुस्थानी चिजाही वाजवितो अशी ख्याती असल्याने, एका खेळास साथ करण्यासाठी आजोबांस बोलाविण्यात आले. खुद्द महाराज पुढच्या कोचावर. पडदा वर गेला, पेटीवाल्याने सूर धरला, नटाने पद उचलले, आणि आजोबांनी फुंकर घातली मात्र, सारे नाटकगृह दचकले. तीन ओळींच्या आत आजोबांस उठविण्यात आले. दुसऱ्या दिवशी दरबारात विचारणा झाली तेव्हा त्यांनी एवढेच उत्तर दिले की, "सरकार, पेटी उतरलेली होती." ह्यावर जे हसू झाले ते गावभर झाले व आमच्या घरात कायमचे राहिले. बँडातील नोकरी टिकली. परंतु बँडाबाहेर आजोबांनी पुन्हा ते वाद्य तोंडास लावले नाही.

आता आमची गोष्ट. आजोबांच्या एका वृद्ध सोबत्यापाशी आम्ही ह्याच वाद्यावर बोटे शिकलो. एकट्याने वाजवावे तर बरे वाटे. पुढे कॉलेजच्या संमेलनात पेटीच्या साथीने यमनातील एक गत वाजविण्याचे धाडस केले, आणि आजोबांच्या वेळचा प्रयोग पुन्हा एकदा झाला. परीक्षक म्हणून बसलेल्या एका गायनशिक्षकांनी सर्वांदेखत सांगितले, "बाळ, तुझ्या बोटांत तयारी आहे; पण तुला कान नाही. हा नाद सोड." आम्ही सोडला. त्याच महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीने गाणे शिकण्याचा हट्ट धरला. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. वडिलांनी ह्या विषयातील घरचा जाणकार म्हणून आमचे मत विचारले. आम्ही ताजे पोळलेले होतो. "आपल्या घराण्यात कान नाही, फीचे पैसे फुकट जातील," असे आम्ही सांगितले. वडिलांनी ते मानले.

वाद्य दुरुस्त करून काचेच्या कपाटात ठेवावे एवढ्याच हेतूने आम्ही ते सांगली-मिरजेकडील एका वृद्ध बँडमास्तरांकडे घेऊन गेलो. लग्नाच्या बँडात त्यांचा जन्म गेलेला. आता वाद्ये दुरुस्त करीत. त्यांनी डबा उघडला, वरचा भाग उजेडात धरला, तळहाताने लांबी मापली आणि म्हणाले, "साहेब, हे चढ्या सुराचे आहे."

आम्ही म्हटले, "मास्तर, वाजविल्याशिवाय कसे कळले?"

"लिहिलेच आहे की! एच. पी. म्हणजे हाय पिच. आमच्या वडिलांच्या वेळी कॉर्नेटपासून सगळा ताफा ह्याच सुराचा होता. पुढे दोन वाद्ये नवी घेतली, ती जुन्यांत मिसळेनात. तेव्हा जुनी सगळी मोडीत घातली. तुमचे कसे राहिले कोण जाणे."

महाराजांनी कोरविलेली आद्याक्षरे ती हीच! राजवाड्यांनी १८९८ साली बखरींची जी झडती घेतली तिच्यावर आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने दिली; अस्सल पत्रापुढे बखरीची किंमत किती हे मुलांस घोकविले. आणि आमच्याच घरात, हातात धरता येईल असे अस्सल साधन असता, आम्ही बखर वाचीत बसलो होतो. घरी येऊन आम्ही क्लॅरिओनेटच्या इतिहासाचा जो पाठपुरावा केला, त्याचा सारांश येथे देतो.

क्लॅरिओनेट हे वाद्यांच्या मानाने अर्वाचीन आहे. न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर ह्या कारागिराने १७०० च्या सुमारास, शालुमो नावाच्या एका साध्या पाव्यासारख्या वाद्यात सुधारणा करून ते सिद्ध केले, असे १७३० साली छापलेल्या एका जर्मन ग्रंथात म्हटले आहे. आपल्या सनईत दुहेरी पत्ती असते व तिची नळी खाली रुंदावत जाते. क्लॅरिओनेटमध्ये बोरूची एकच पातळ चीप माउथपीसवर बांधलेली असून नळी जवळजवळ सरळ असते. ह्या फरकाचा परिणाम मोठा मौजेचा होतो. सनईवर बोटे न बदलता फुंकीचा जोर वाढविला की षड्जाचा तार षड्ज होतो. क्लॅरिओनेटवर अंगठ्याची चावी दाबून तेच करावे तर षड्ज थेट तार सप्तकाच्या पंचमावर उडी घेतो. मधली जागा भरून काढावयाची म्हणजे जास्त भोके हवीत, भोकांस चाव्या हव्यात, आणि म्हणूनच ह्या वाद्याचा पुढील शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे चाव्यांचा इतिहास आहे. मोझार्टने १७९१ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, श्टाडलर ह्या वादकासाठी आपली प्रसिद्ध रचना केली. इव्हान म्यूलरने तेरा चाव्यांचे वाद्य तयार केले, ते १८१२ साली पॅरिसच्या संगीतविद्यालयातील परीक्षकांनी नापसंत केले, आणि नापसंत होऊनही तेच सर्वत्र पसरले. १८३९ मध्ये क्लोझे व ब्यूफे ह्यांनी बोटांची निराळीच रचना पुढे आणली. तिला पुढे बोएमचे नाव मिळाले व आज जगात बहुतेक तीच चालते. परंतु इंग्रजी पलटणींत म्यूलरच्या वंशातील साध्या रचनेची वाद्ये विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. ब्रुसेल्सच्या आल्बेर नावाच्या कारागिरावरून त्यांस 'आल्बर्ट' असेही म्हणत. आमचे वाद्य तेरा चाव्यांचे व खालच्या भागावर दोन कड्यांचे, म्हणजे ह्याच कुळातील. त्यावर 'लंडन' एवढे शाबूत असून वरचे नाव घासून गेले आहे. त्याची आम्हांस फारशी हळहळ नाही. कारण लंडनच्या कित्येक पेढ्या परदेशची वाद्ये आणून त्यांवर आपलेच नाव उठवीत, तेव्हा नावाने कारागीर सिद्ध होतोच असे नाही.

खरा प्रश्न 'एच. पी.'चा. एका देशात सुराचे दोन भाव कसे चालू राहिले? आपल्याकडे षड्ज ही गायकाच्या सोयीची गोष्ट आहे. कोणी काळी एक धरतो, कोणी पांढरी चार. तंबोरा त्याप्रमाणे लागतो आणि सारंगी तंबोऱ्याप्रमाणे. सुरांचे परस्परांतील अंतर खरे, त्यांची उंची ज्याची त्याची. पण युरोपात पन्नास-साठ वादक एकत्र बसावयाचे आणि त्यांपैकी निम्म्यांची वाद्ये लाकडात वा पितळेत एकदाच कायमची घडलेली. तेथे सुराचे माप ठरलेच पाहिजे. हे माप पेटीवरील पांढरी सहा ह्या सुराच्या दर सेकंदाच्या कंपनांनी सांगतात. एकोणिसाव्या शतकात वाद्ये अधिक चमकदार वाजावीत म्हणून हा सूर जो तो थोडाथोडा चढवीत गेला. तेव्हा १८५९ साली फ्रेंच सरकारने रोसिनी, बेर्लियोझ, मायरबेअर अशी बडी मंडळी असलेल्या समितीच्या सल्ल्याने कायदा करून ती संख्या ४३५ ठरविली. सुराचा कायदा करावयास फ्रेंचच पाहिजेत. इंग्रजांनी नेहमीप्रमाणे कायदा केला नाही. त्यांच्याकडे फिलहार्मोनिक सोसायटीचा सूर ४५२ च्या वर गेलेला होता आणि तोच चालू राहिला.

इंग्रजी सैन्याने तर हा चढा सूर शिस्त म्हणून स्वीकारला. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, स्कुटारी येथे राणीच्या वाढदिवशी सुमारे वीस बँडांनी एकाच वेळी राष्ट्रगीत वाजविले. प्रत्येकाचे स्वरलेखन निराळे, पट्टी निराळी. दोस्त राष्ट्रांच्या सेनानींसमोर जो गोंगाट झाला तो ऐकून केंब्रिजच्या ड्यूकसाहेबांस घाम फुटला, असे सांगतात. १८५७ मध्ये नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली ती ह्या गोंधळास आळा घालण्यासाठीच. सर्व पलटणींची वाद्ये एका सुराची असावीत असे ठरले, आणि तो सूर अर्थातच चढा होता.

पुढे लंडनच्याच नागरिकांस ह्या सुराचा कंटाळा आला. त्याचे निमित्त गमतीचे आहे. १८९५ साली क्वीन्स हॉलमध्ये ज्या प्रोमेनाड मैफली सुरू झाल्या, त्यांस पैसा पुरविणारे डॉक्टर कॅथकार्ट हे घशाच्या रोगांचे तज्ज्ञ होते. चढ्या सुरात गाऊन गायकांचे घसे बिघडतात असे त्यांचे मत. तेव्हा त्यांनी पैशाबरोबर अट घातली की, येथे सूर उतरलेलाच राहील. पुढच्याच वर्षी फिलहार्मोनिक सोसायटीनेही ४३९ चे माप स्वीकारले. आता प्रश्न सैन्याचा. शेकडो बँडांची हजारो वाद्ये बदलावयाची म्हणजे खर्च फार. म्हणून सैन्य आणखी तीस-बत्तीस वर्षे जुन्या सुरालाच चिकटून राहिले, व १९२० नंतरच्या दशकाच्या अगदी अखेरीस तेथे बदल झाला. ४४० हे आजचे आंतरराष्ट्रीय माप १९३९ सालच्या लंडन येथील परिषदेत ठरले. इंग्लंडातील कामगारांचे पितळी बँड तर १९६० नंतरच्या दशकापर्यंत चढ्या सुरातच वाजत राहिले.

आता कालनिर्णय पाहा. दुसरा बाजीराव गादीवर येईपर्यंत पहिल्यास 'थोरले बाजीरावसाहेब' म्हणण्याचे कोणास कारण नव्हते. त्याचप्रमाणे उतरलेल्या सुराची वाद्ये शेजारी विक्रीस आल्यावाचून कोणी कारागीर 'चढा सूर' असा शिक्का उठविणार नाही. म्हणजे आमचे वाद्य १८९५-९६ च्या अलीकडचे. सैन्याने सूर बदलल्यावर अशा वाद्यास गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून ते १९३० च्या पलीकडचे. आजोबा बँडात शिरले ते १९३० च्याच सुमारास. पलटणींनी टाकून दिलेली चढ्या सुराची वाद्ये त्या वेळी स्वस्तात मिळत असली पाहिजेत. आणि ज्या दरबाराचा सारा ताफा जुन्याच सुराचा, त्यास ती सोयीचीही होती. तेव्हा महाराजांनी खास लंडनहून मागविलेली देणगी ही एखाद्या गोऱ्या शिपायाने टाकलेली जुनी वस्तू असावी, असे आम्हांस वाटते. वडील आज हयात नाहीत. असते तर त्यांस हे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले असते की नाही, कोण जाणे.

परंतु अभिमानाची आख्यायिका ज्या दोन अक्षरांनी नेली, त्याच अक्षरांनी लाजेच्या आख्यायिकेचाही निकाल लावला. चढ्या सुराचे क्लॅरिओनेट आजच्या ४४० च्या पेटीहून जवळजवळ पाव सुराने वर बोलते. आपल्या सप्तकाच्या बावीस श्रुती धरल्या तर हे अंतर सुमारे एका श्रुतीचे होय. ह्या श्रुतींचे माप कंपनसंख्यांनी ठरविण्याचा खटाटोप सांगलीच्याच कृष्णाजी बल्लाळ देवलांनी केला व त्यावर १९१० साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्यांच्या निष्कर्षांविषयी वाद आहेत, पण एक श्रुती म्हणजे ऐकणाऱ्यास न कळण्याजोगी गोष्ट नव्हे, ह्याविषयी वाद नाही. त्यातून त्या काळच्या नाटकमंडळ्यांत पॅरिसच्या सुरांच्या पेट्यांचा मोठा मान. त्या मंडळीची पेटी तशी असल्यास तिचा सूर फ्रेंच कायद्याप्रमाणे ४३५ चा. म्हणजे अंतर आणखी वाढले. इंग्रजांचे लष्कर आणि फ्रेंचांचे कायदेमंडळ ह्यांचे मतभेद आमच्या गावच्या कनातीत, महाराजांसमक्ष, एका पदाच्या तीन ओळींत चव्हाट्यावर आले आणि त्यांची शिक्षा आमच्या आजोबांस झाली.

येथे कोणी म्हणेल की, वाद्य थोडे लांबवून सूर उतरविता येतो, तेवढे आजोबांस सुचू नये काय? सुचले असेलच, प्रत्येक वादक माउथपीसखालचा तुकडा थोडा ओढून सूर जुळवितो. पण पाव सूर उतरवावयास जवळजवळ दोन सेंटीमीटर ओढावे लागते, आणि नळी फक्त वरच्या टोकास लांबली म्हणजे वरच्या भोकांचे सूर फार उतरतात व खालच्या भोकांचे कमी. वाद्य पेटीशी जुळेपर्यंत स्वतःशीच भांडू लागते. आम्ही कॉलेजात नेमके हेच केले होते. यमनाचा षड्ज कसाबसा जुळला आणि गंधार-निषाद वाऱ्यावर गेले.

बँडात मात्र हे व्यंग कोणास दिसण्याचा संभव नव्हता, कारण तेथे सर्वच चढलेले. आजोबांचे कान वर्षानुवर्षे त्या सुरात मुरलेले. त्यांस पेटी उतरलेली वाटली ह्यात नवल ते काय? डब्यातील तीन कागदांपैकी एकाच्या पाठीवर पेन्सिलीचीच एक ओळ आहे. 'पेटी अर्ध्या घराहून थोडी कमी उतरते. सारंगी असती तर लागली असती.' तारीख नाही. ही ओळ वाचून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. अर्ध्या घराहून थोडी कमी! मोजण्याचे कोणतेही यंत्र जवळ नसता, भरसभेत अपमान झालेल्या माणसाने केलेले हे माप आमच्या गणिताशी जुळते. आणि घरात म्हण चालू होती की ह्या माणसास कान नाही.

सारंगीविषयीचे त्यांचे म्हणणेही तितकेच खरे. सारंगी, तंबोरा आणि गळा ही तिन्ही एक श्रुती वर सहज गेली असती. अडून बसली ती पेटी. हिंदुस्थानी संगीतात पेटी असावी की नसावी ह्यावर आमच्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे. १९४० साली नभोवाणीने तिला बंदी केली व ती पुढे सुमारे तीन दशके टिकली, हे प्रसिद्धच आहे. पेटीचे गंधार-धैवत खोटे, तिला मींड येत नाही, असे आक्षेप घेतले गेले. तिच्यामुळे षड्ज गोठला हा आक्षेप त्या मानाने कमी ऐकू आला. आम्ही त्याचे साक्षीदार म्हणून उभे राहण्यास तयार आहो.

इतके झाल्यावर वाद्य कपाटात ठेवणे आमच्याने होईना. मास्तरांनी गाद्या नव्या बसविल्या, तडा भरला, बुचे बदलली, आणि लाकडास तेल देऊन बजावले की, पहिला महिना दिवसाकाठी पाव तासाहून अधिक फुंकू नये. कोरडे पडलेले लाकूड एकदम ओलावले तर फाटते. त्यांनी लाकडाविषयी सांगितले ते आमच्या ओठांसही लागू पडले. पस्तीस वर्षांनी बोटांस सर्व आठवत होते, अगदी आमच्या नकळत; पण खालचा ओठ दातांवर ओढून धरण्याची ताकद पार गेलेली. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांत ओठ थरथरू लागे व कडेने वारा सुटे. समोरच्या एका दातास आम्ही टोपी बसविली आहे. तिची व माउथपीसची ओळख होण्यास आणखी एक आठवडा गेला. रात्री वाजवावे तर शेजाऱ्यांची भीती, पहाटे वाजवावे तर घरच्यांची. शेवटी संध्याकाळची वेळ ठरली. एकच सूर वीस आकडे मोजेपर्यंत धरावयाचा, एवढाच धडा दोन महिने केला. हल्ली खिशातील फोनमध्येही कंपने मोजण्याची सोय असते. वाद्य गार असताना पांढरी सहा ४४८ दाखविते; फुंकून फुंकून तापले की काटा ४५२ च्या आसपास येऊन थांबतो. फिलहार्मोनिक सोसायटीचा जुना सूर आमच्या बैठकीच्या खोलीत अजून हयात आहे.

मग आम्ही सौभाग्यवतींचा तंबोरा मागून घेतला आणि काळी पाचच्या वर एक श्रुती चढवून वाद्याशी मिळविला. त्यास काही तक्रार नव्हती. तारा जुळल्यावर भूपाचे पाच सूर सावकाश वाजविले. वाद्याच्या साध्या रचनेचा एक गुण तेव्हा ध्यानात आला: बोट भोकावरून हळूच सरकविले की सूर घसरत जातो, मींडीसारखा. तुर्कस्तानात व ग्रीसमध्ये वादक ही जुनी आल्बर्ट रचनाच पसंत करतात. त्यांचेही संगीत मींडीवर जगणारे. तेव्हा कारण उघड आहे.

भाऊबीजेस आमची बहीण आली. तिला सर्व हकीकत सांगितली, तो कागद दाखविला, तंबोऱ्यावर थोडे वाजवूनही दाखविले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "दादा, आजोबांची पेटी उतरलेली होती हे ठरले. तुझीही होती. माझी कोणती उतरली होती?"

ह्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते व आजही नाही. तिचे वाद्य लंडनहून आलेले नव्हते. तिच्यावर कोणाचा शिक्का नव्हता. आम्ही काही बोलत नाही असे पाहून तिने तंबोरा स्वतःपुढे ओढला, एकदा छेडला, पुन्हा छेडला, आणि म्हणाली, "जोडीतली ही अलीकडची तार किंचित उतरलीय." आम्ही फोन काढून पाहिला. ती उतरलेली होती.